वरातीमागून घोडं नको: पॉकेटमधून फ्रँक्स कसे खेळायचे

एज ऑफ एम्पायर्स २ ह्या खेळात तुम्हाला फ्रँक्स ही घोडेस्वारांची सिव्हिलायझेशन मिळाली आणि मिनीमॅपवर तुमचा रंग आतल्या बाजूला, म्हणजे पॉकेटमध्ये, दिसला, तर पहिल्या मिनिटातच एक काम करा. पहिल्या मेंढीवर माणसं लागली की शेजारच्या फ्लँकला, म्हणजे टोकाला बसलेल्या साथीदाराला, हाक मारा आणि सांगा, "अठराव्या मिनिटाला मी चार नाइट्स घेऊन निघतेय." नाइट्स म्हणजे चिलखती घोडेस्वार. आकडा बोलून टाका. "येते लवकर" असं सांगू नका. आकडा दिला की समोरचा त्या हिशोबाने भिंत बांधतो, किती तिरंदाज लागतील ते ठरवतो, आणि तुम्हालाही पुढची सतरा मिनिटं कशासाठी घालवायची ते कळतं.

मी एज ऑफ एम्पायर्स २ ची डेफिनिटिव्ह एडिशन खेळते. शनिवारी रात्री चार विरुद्ध चार, नकाशा बहुतेक अरेबिया, म्हणजे मोकळं मैदान. मी कर्वेनगरात, माझा धाकटा भाऊ मोशीत, आतेभाऊ हडपसरला, आणि चौथी माझी ऑफिसमधली मैत्रीण. भाऊ कायम फ्लँकवर असतो, तिरंदाजांची एखादी सिव्हिलायझेशन घेऊन, जास्त करून ब्रिटन्स. मी त्याच्या शेजारी पॉकेटमध्ये फ्रँक्स. गेली चार वर्षं हीच जोडी आहे. खरं तर त्याच्याही आधीपासून आहे. २००२ मध्ये टिळक रस्त्याच्या मागच्या गल्लीत एका सायबर कॅफेत आम्ही एका तासाचे पैसे भरून एकाच खुर्चीवर अर्धे अर्धे बसायचो. माउस त्याच्या हातात, कीबोर्ड माझ्या. तो माणूस निवडायचा, मी बटण दाबायचे. तेव्हासुद्धा आम्ही फ्रँक्सच घ्यायचो, कारण जोन ऑफ आर्कची मोहीम फ्रँक्सची आहे आणि तीच आम्हाला पाठ होती.

फ्लँक आणि पॉकेट

नवीन लोकांसाठी थोडक्यात. चार विरुद्ध चारमध्ये प्रत्येक टीमचे दोन खेळाडू टोकांना असतात आणि दोन आत. टोकाचे ते फ्लँक, आतले ते पॉकेट. शत्रू आधी फ्लँकवर येतो. फ्युडल एजमध्ये (डार्क, फ्युडल, कॅसल, इम्पीरियल ह्या खेळातल्या चार युगांपैकी दुसऱ्यात) फ्लँकला तिरंदाज काढावे लागतात, भिंती घालाव्या लागतात, लाकूड तोडणारी माणसं सारखी टाउन सेंटरमध्ये, म्हणजे गावाच्या मुख्य इमारतीत, लपवावी लागतात. तोवर आतल्याच्या शेतात कोणी फिरकत नाही.

पॉकेटची ही शांतता फ्लँकने विकत घेतलेली असते. त्याचं लाकूड भिंतीत गेलं, त्याचं सोनं तिरंदाजांत गेलं, म्हणून तुमचं अन्न साठलं. तुमच्याकडे साठलेलं प्रत्येक शंभर अन्न हे त्याचं तुमच्यावरचं कर्ज आहे, असंच समजून खेळा. नाइट्स म्हणजे त्या कर्जाची परतफेड, आणि परतफेडीला मुदत असते.

हे मला एका हरलेल्या खेळाने शिकवलं. मागच्या पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं होतं, भिडे पूल पाण्याखाली होता, सगळे लवकर घरी आले होते म्हणून आम्ही शुक्रवारीच बसलो. भावावर समोरचा फ्लँक तिरंदाज घेऊन आला आणि त्याचा पॉकेट स्काउट्स, म्हणजे हलके घोडेस्वार, घेऊन आला, दोघं एकदम. भावाने नकाशावर फ्लेअर, म्हणजे मदतीची खूण, टाकला. म्हणाला, "ताई, ये." मी म्हणाले, "दोन मिनिटं थांब, तिसरं टाउन सेंटर टाकून येते." मी सव्विसाव्या मिनिटाला चौदा नाइट्स घेऊन पोचले. त्याचं टाउन सेंटर पडलं होतं आणि उरलेले नऊ व्हिलेजर, म्हणजे काम करणारी माणसं, माझ्या घरांच्या दिशेने पळत येत होते. चौदा नाइट्स! पण वरात कधीच निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी तो रेकॉर्ड झालेला खेळ पुन्हा लावला. एकोणिसाव्या मिनिटाला माझ्याकडे ९०० अन्न आणि ६०० सोनं पडून होतं, आणि स्टेबल, म्हणजे घोडे काढायची इमारत, एकच. आठ नाइट्सचा खर्च तिथल्या तिथे भागला असता. भाऊ त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. तेव्हापासून मी आकडा सांगून खेळते.

फ्रँक्सच का

कारण फ्रँक्सच्या जवळजवळ सगळ्या सवलती एकाच दिशेने जातात: घोडा लवकर आणि स्वस्तात निघावा.

फ्युडल एजपासून घोडदळाला २० टक्के जास्त हिट पॉइंट्स, म्हणजे मार सोसायची ताकद, मिळतात, काही संशोधन न करता. साध्या नाइटचे १०० असतात, तुमच्याचे १२०. बाकीच्यांना हेच १२० गाठायला ब्लडलाइन्स हे संशोधन घ्यावं लागतं, त्याचे १५० अन्न आणि १०० सोनं. फ्रँक्सकडे ब्लडलाइन्स नाहीच, त्यामुळे ते स्टेबलमध्ये शोधत बसू नका.

दुसरी सवलत मला सगळ्यात आवडते. मिलमधली शेतीची तिन्ही संशोधनं फुकट. हॉर्स कॉलर, हेवी प्लाउ, क्रॉप रोटेशन. तिन्ही मिळून इतरांचे ४५० अन्न आणि ४५० लाकूड जातं. पण खरा फायदा लाकडापेक्षा लक्षाचा आहे. फ्युडलमध्ये पाऊल टाकताच शेतात १७५ ऐवजी २५० अन्न पिकायला लागतं आणि तुम्हाला मिलवर जाऊन काही दाबायचं लक्षात ठेवावं लागत नाही. फक्त मिल उभी असली पाहिजे.

त्याशिवाय बेरी गोळा करणारी माणसं जरा चपळ असतात, किल्ले स्वस्त पडतात, आणि टीममधल्या सगळ्यांच्या नाइट्सना थोडं लांबचं दिसतं. शेवटची गोष्ट फारशी कामाची वाटत नाही, पण जंगलाच्या कडेने जाताना समोरचे, घोड्यांना मारणारे भालेवाले दोन चौकोन आधी दिसतात, तेवढ्यात वळता येतं.

काय नाही तेही सांगते. तिरंदाजीत फ्रँक्स कच्चे आहेत, आर्बलेस्टर, म्हणजे तिरंदाजांची शेवटची पायरी, मिळत नाही. म्हणून तुमच्या शेजारच्या फ्लँककडे चांगले तिरंदाज असले तर ती जोडी जमते. दोघांनीही घोडेच काढले तर समोरचा फक्त भाले काढतो आणि खेळ संपतो.

पहिली साडेनऊ मिनिटं

पहिले सहा जण मेंढ्यांवर. पुढचे चार लाकडावर. त्यानंतरचा एक जण पहिलं रानडुक्कर ओढून आणायला. मग बेरीपाशी मिल आणि तिथे चार जण. फ्रँक्स असाल तर हे चार जण नक्की लावा. बेरीच्या सहा झुडपांत मिळून ७५० अन्न असतं आणि ते तुमची माणसं पटकन उपसतात. दुसरं डुक्कर पहिल्याचं मांस संपत आलं की आणा. उरलेले सगळे लाकडावर. लूम (माणसांना थोडं टणक करणारं संशोधन) घेऊन विसाच्या लोकसंख्येला फ्युडलवर क्लिक करा. माझं क्लिक साधारण सव्वासात मिनिटांना होतं, आणि फ्युडलला १३० सेकंद लागतात, म्हणजे साडेनऊच्या आत तुम्ही तिथे असता.

क्लिक झाल्यावर लगेच बॅरेक्स बांधायला घ्या, म्हणजे फ्युडल लागताच स्टेबल टाकता येईल.

डुक्कर ओढताना माणूस मेला तर घाबरून सगळं विस्कटू देऊ नका. आतेभाऊ पहिल्या महिन्यात प्रत्येक वेळी तिथेच खेळ सोडून द्यायचा. एक माणूस म्हणजे ५० अन्न आणि पंचवीस सेकंद. पॉकेटमध्ये ते भरून निघतं.

स्काउट्स तीन किंवा चार

काही लोक पॉकेटमधून स्काउट्स न काढता सरळ कॅसल एजला जातात. बंद नकाशावर ते ठीक. अरेबियावर मी तीन-चार स्काउट्स काढतेच. ८० अन्नाचा एक, सोनं लागत नाही, आणि फ्रँक्सच्या स्काउटचे ४५ ऐवजी ५४ हिट पॉइंट्स असतात.

त्यांचं काम शत्रूच्या गावात घुसून पराक्रम करणं नाही. भावाच्या लाकडापाशी उभं राहणं हे त्यांचं काम आहे. समोरच्याने त्याच्या तिरंदाजांवर स्कर्मिशर्स, म्हणजे तिरंदाजांना मारणारे भालाफेके, पाठवले की स्काउट्स त्यांना छान खातात. भालेवाले दिसले की मागे फिरा, भावाच्या तिरंदाजांच्या पाठीमागे. त्याच्या तिरंदाजांनी भाले मारायचे, तुमच्या घोड्यांनी स्कर्मिशर्स मारायचे. ही वाटणी एकदा बोलून घेतली की पुढची पंधरा मिनिटं दोघांनाही फार बोलावं लागत नाही.

स्काउट्स मरू देऊ नका. एखादा जिवंत स्काउट पुढे टेहळणीला लागतो, शिवाय मंक्सना, म्हणजे समोरचे सैनिक आपल्या बाजूला वळवणाऱ्या साधूंना, हे घोडे सहजासहजी फिरवता येत नाहीत.

घोडं कुठे पेंड खातं

आता मुख्य भाग. इथेच बहुतेक फ्रँक्स खेळणारे अडतात, आणि त्यांना वाटतं की आपला हात हळू आहे. हाताचा प्रश्न फार थोडा असतो. प्रश्न असतो अन्नाचा.

हा हिशोब कागदावर करून बघा. एका व्हिलेजरला ५० अन्न आणि २५ सेकंद. म्हणजे एक टाउन सेंटर सतत चालवायला मिनिटाला १२० अन्न लागतं. एका नाइटला ६० अन्न, ७५ सोनं आणि ३० सेकंद. म्हणजे एक स्टेबल सतत चालवायला मिनिटाला १२० अन्न आणि १५० सोनं. अन्नाच्या बाबतीत एक स्टेबल म्हणजे एक टाउन सेंटरच. हे लक्षात आल्यावर माझा खेळ बदलला. कॅसल एजमध्ये शिरून जो माणूस दोन नवी टाउन सेंटर्स टाकतो, त्याने दोन स्टेबल्सचं अन्न तिकडे वळवलेलं असतं. खेळाच्या सुरुवातीला मिळणाऱ्या २०० दगडांत दोन टाउन सेंटर्स बसतात, म्हणून मोह होतो. मोह आवरा. एक टाउन सेंटर, दोन स्टेबल्स. मिनिटाला ३६० अन्न, ३०० सोनं. भाऊ सुटला, त्याच्या दारातली गर्दी हटली, की मग दुसरं टाउन सेंटर.

तिथपर्यंत पोचायचं असं. फ्युडलमध्ये बेरी आणि मेंढ्या संपत जातील तसे ते सगळे लोक शेतावर आणा. प्रत्येक शेताला ६० लाकूड, त्यामुळे लाकडावरची माणसं फार लवकर सोन्यावर हलवू नका. चार जण सोन्यावर पुरतात, कारण कॅसल एजला २०० सोनंच लागतं; ८०० अन्न हा खरा डोंगर आहे. स्टेबल झालेलं असतंच, त्यात ब्लॅकस्मिथची भर घातली की दोन इमारतींची अट पूर्ण होते. माझं क्लिक सव्वाचौदाच्या आसपास होतं. तेव्हा माझ्याकडे तीस-एकतीस व्हिलेजर असतात.

क्लिक झाल्यावर १६० सेकंद टाउन सेंटरला काही काम नसतं. ही १६० सेकंदं फार मोलाची आहेत. उद्या गुरुवारी पाणी येणार नाही असं कळलं की बुधवारी रात्री आपण घरातली बादली, टब, कळशी, झाकणाचा डबा सगळं भरून ठेवतो ना, तसं ह्या वेळेत करायचं. तेरा जण शेतावर, नऊ-दहा जण सोन्यावर, बाकीचे लाकडावर. दुसरं स्टेबल बांधून ठेवा. ब्लॅकस्मिथमधून स्केल बार्डिंग, म्हणजे घोड्यांचं पहिलं चिलखत, घ्या. बाकी काही खर्च करू नका. सोन्याची आणखी एक छावणी, एखादं टॉवर, मार्केट, काही नको. कॅसल एज लागेल तेव्हा तुमच्याकडे पाच-सहा नाइट्सचं अन्न आणि सोनं तयार असेल. लागताच दोन्ही स्टेबल्समधून दोन-दोन नाइट्स रांगेत लावा. सतरा मिनिटांना कॅसल, अठराला चार नाइट्स बाहेर. आता तुम्ही दिलेला आकडा आठवा.

त्यानंतर नवीन येणारा प्रत्येक व्हिलेजर असा वाटा, की चार-पाच मिनिटांत सोळा-सतरा शेतांवर, तेरा-चौदा सोन्यावर आणि दहा लाकडावर होतील. दोन स्टेबल्स न थांबता चालवायला मला एवढे लागतात. स्टेबल थांबलं की बघा काय कमी आहे. अन्न कमी असेल तर घोडं शेतात पेंड खातंय, सोनं कमी असेल तर खाणीत. दोन्ही साठतंय आणि स्टेबल थांबलंय, तर तुमचं लक्ष लढाईत अडकलंय. तिसऱ्या प्रकारावर उपाय म्हणजे दोन्ही स्टेबल्स एकाच कंट्रोल ग्रुपला लावणं. लढाईवरची नजर न हलवता एका बटणाने ती निवडता येतात आणि पुढचे नाइट्स लावता येतात.

चिलखत आधी

भाऊ मला नेहमी विचारायचा की हल्ल्याची धार आधी वाढवायची की चिलखत. उत्तर समोर काय आहे त्यावर असतं, आणि फ्लँकसमोर तिरंदाज असतात. बॉडकिन ॲरोचं संशोधन घेतलेल्या क्रॉसबोचा, म्हणजे कॅसल एजमधल्या तिरंदाजाचा, हल्ला ७ असतो. फ्रँक्सचा नाइट, चिलखताशिवाय, २४ बाणांत पडतो. स्केल बार्डिंगने ३० लागतात. त्यापुढच्या चेन बार्डिंगने ४०. चोवीसवरून चाळीस! वीस क्रॉसबो एका घोड्यावर नेम धरून असतील तर चोवीस म्हणजे दुसऱ्या झोडीत घोडा गेला आणि चाळीस म्हणजे दोन्ही झोडी पुऱ्या लागल्या, एकही बाण वाया न जाता. तेवढ्यात बाकीचे घोडे तिरंदाजांच्या अंगावर असतात. म्हणून कॅसल एज लागल्यावर पहिले चार नाइट्स सुटले की लगेच चेन बार्डिंग. घोड्यांचा वेग वाढवणारं हजबंड्री त्यानंतर, धार त्यानंतर.

पोचल्यावर

लहानपणी मी ढोल पथकात होते. नदीपात्रात सराव चालायचा. तिथे पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट शिकवतात: ताशाचा इशारा येईपर्यंत हात वर, आणि इशारा आला की सगळ्यांची टिपरी एकदम. एकाने आधी मारली तर तो नुसता आवाज होतो. नाइट्सचं तसंच आहे. एकेक निघेल तसा थेट लढाईत पाठवला तर एकेक मरतो. स्टेबलचा गॅदर पॉइंट, म्हणजे घोडे जमायची जागा, लढाईत ठेवू नका, भावाच्या टाउन सेंटरपाशी ठेवा. चार जमले की निघा. आमच्यात ताशा भावाच्या हातात असतो. त्याने "आता" म्हटलं की मी सोडते, कारण समोरचे तिरंदाज कुठे वळलेत ते त्याला दिसत असतं.

आणि समोरून नका जाऊ. शत्रूचे क्रॉसबो समोर उभे असतात, तुम्ही शत्रूच्या कुशीतून किंवा मागून या. शत्रू घोड्यांकडे वळला तर भाऊ मारतो, भावाकडे वळला तर घोडे मारतात.

पहिली झटापट जिंकली की काय करायचं, इथे बरेच जण चुकतात. घरी परतू नका. भावाला घेऊन त्याच शत्रू फ्लँकच्या गावात चला, दोघं मिळून एकावर. तुम्ही दोन-तीन नाइट्स त्याच्या लाकडावर सोडा, बाकी भावाच्या तिरंदाजांबरोबर ठेवा. त्याची माणसं टाउन सेंटरमध्ये शिरली की काम थांबतं, आणि थांबलेलं काम म्हणजे न निघालेले भाले. टाउन सेंटरखाली उभं राहून घोडे मारून घेऊ नका. पुढच्या लाकडापाशी जा, मग सोन्यापाशी, मग परत पहिल्या ठिकाणी.

भाल्यांबद्दल नीट समजून घ्या, कारण नाइटचं मरण तिथेच आहे. पाइकमनला, म्हणजे कॅसल एजमधल्या भालेवाल्याला, ३५ अन्न आणि २५ लाकूड, सोनं शून्य. घोड्यावर त्याला २२ चा जादा मार मिळतो. तुमचा १३५ अन्न-सोन्याचा नाइट, चिलखताशिवाय, पाच फटक्यांत जातो. त्यामुळे पाइकमन हे कधीही तुमचं काम नाही. ते भावाचं काम आहे. त्याच्या तिरंदाजांनी ते संपवेपर्यंत घोडे मागे उभे करा, अर्धं मिनिट काहीही न करता. मला हे अर्धं मिनिट फार जड जायचं. उभे घोडे बघवत नाहीत. पण त्या अर्ध्या मिनिटात घरची शेतं बघून घ्या, स्टेबल भरा, घर कमी पडतंय का बघा.

उंट आले, म्हणजे समोर हिंदुस्तानीज, गुर्जराज किंवा सॅरसेन्ससारखं कोणी असेल, तर तेच तत्त्व. फक्त उंट पळतात, त्यामुळे तुम्हाला भावाच्या तिरंदाजांच्या आणखी जवळ राहावं लागतं. तुमच्याकडेही भालेवाले आहेत हे विसरू नका. आठ-दहा पाइकमन तिरंदाजांपुढे उभे केले की उंट पुढे येत नाहीत.

मंक दिसला तर सगळे नाइट्स त्याच्यावर, वेगवेगळ्या दिशांनी. एकावेळी एकच घोडा तो फिरवू शकतो.

बोलण्याबद्दल

खेळात लिहायला वेळ नसतो. आम्ही फोनवर कॉल लावून ठेवतो, आणि तरीही फ्लेअर टाकतोच, कारण "इकडे इकडे" म्हटलं तर इकडे म्हणजे कुठे ते कळत नाही. अनोळखी लोकांबरोबर खेळत असाल तर टॉन्ट्सचे, म्हणजे खेळातल्या तयार संदेशांचे, आकडे वापरा: ३ म्हणजे अन्न हवं, ४ लाकूड, ५ सोनं, ६ दगड. कुठल्याही भाषेचा माणूस ते ओळखतो.

भावाचं सोनं बंद पडलं असेल तर पाठवा. मार्केट लागतं, आणि सुरुवातीला ३० टक्के कर कापला जातो, म्हणजे १०० पोचवायला १३० द्यावे लागतात. तरीही पाठवा. तुमच्या पावणेदोन नाइट्सपेक्षा त्याचं क्रॉसबोचं संशोधन पूर्ण होणं त्या मिनिटाला जास्त मोलाचं असतं. त्याला १२५ अन्न आणि ७५ सोनंच लागतं.

नंतरचं

शत्रूचा एक फ्लँक पडला किंवा मागे हटला की तुम्ही मोकळे. आता दोन टाउन सेंटर्स, आता तिसरं स्टेबल, आता दगड. किल्ला बांधला की शिव्हल्री घ्या, स्टेबल्सचं काम ४० टक्के जलद होतं. तीन स्टेबल्स असलेल्या माणसाला हे म्हणजे चौथं स्टेबल, थोडं जास्तच. पहिला किल्ला मी माझ्या घरात बांधत नाही, भावाच्या सोन्यावर बांधते. फ्रँक्सना किल्ला स्वस्त पडतो, त्याला पडत नाही, आणि पुढचा मार तिथेच यायचा असतो.

किल्ल्यातून थ्रोइंग ॲक्समन निघतो. इतिहासातले फ्रँक्स खरोखरच फेकायची कुऱ्हाड वापरत, तिला फ्रान्सिस्का म्हणत. खेळात त्याचा उपयोग पाइकमनच्या गर्दीवर आहे. तो लांबून मारतो, पण मार जवळच्या हत्याराचा धरला जातो. शत्रूने हॅल्बर्डियर, म्हणजे पाइकमनच्या पुढचे भालेवाले, भरपूर काढले आणि भाऊ दुसरीकडे अडकला असेल तर दहा-पंधरा कुऱ्हाडवाले घोड्यांपुढे चालवा. तिरंदाजांसमोर त्यांना एकटं पाठवू नका.

इम्पीरियल एजला नाइटचा कॅव्हेलियर आणि मग पॅलाडिन होतो. पॅलाडिनचं संशोधन महाग आहे: १३०० अन्न, ७५० सोनं. ते चालू असताना स्टेबल्स थांबली आणि समोरून हल्ला आला तर मोठी पंचाईत होते. म्हणून हाताशी पंधरा-वीस कॅव्हेलियर असल्याशिवाय मी ते लावत नाही. पण एकदा लागलं की फ्रँक्सचा पॅलाडिन १९२ हिट पॉइंट्सचा असतो, ब्लडलाइन्स असलेल्या इतर कोणाचाही १८० चा. वीस पॅलाडिन, मागे भावाचे लांब पल्ल्याचे तिरंदाज, आणि दोन ट्रेबुशे, म्हणजे इमारती पाडणारी दगडफेकी यंत्रं. त्या वेळी खेळ बघायला बसावं असा होतो.

खेळ लांबला तर सोनं संपतं, आणि घोडा सोन्यावर जगतो. त्यामुळे पस्तिसाव्या मिनिटाच्या आसपास व्यापाराचं बघा, खाण कोरडी पडायची वाट बघू नका. तहान लागल्यावर विहीर खणली तर व्यापाराची पहिली गाडी परत येईपर्यंत लढाई संपलेली असते. मार्केट जितकं लांब तितकं एका फेरीत सोनं जास्त. मी माझं मार्केट भावाच्या गावाच्या मागच्या कोपऱ्यात बांधते, आणि आतेभाऊ त्याचं नकाशाच्या दुसऱ्या टोकाला. आधी पाच गाड्या, मग दर मिनिटाला दोन-तीन वाढवत वीसपर्यंत. गाड्या सोडण्यापूर्वी भावाला विचारा की त्याच्या भिंतीला मागच्या बाजूने गेट आहे का. नसेल तर गाड्या पुढच्या बाजूने, शत्रूच्या तोंडावरून वळसा घालतात. आमच्याकडे आता तो न विचारताच गेट ठेवतो.